खिशातलं मल्टिटूल: आधी वजन बघायचं की पक्कड?

धागाकर्ता
गेली सहा वर्षं माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचं क्लासिक एसडी आहे, म्हणजे एकात अनेक हत्यारं असलेला छोटा चाकू. मिटलेलं असताना 58 मिलिमीटर लांब, वजन जेमतेम 21 ग्रॅम. छोटं पातं, कात्री, टोकाला स्क्रूड्रायव्हर असलेली नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणं, बस्स. त्याआधी माझ्याकडे लेदरमन कंपनीचं वेव्ह होतं, पक्कडवालं, 241 ग्रॅमचं. टूल अव्वल, त्यात शंकाच नाही. पण दोन महिन्यांत ते पट्ट्यावरून बॅगेत गेलं, बॅगेतून कपाटात, आणि गरज पडायची तेव्हा मी कपाटापासून लांब असायचो.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोज खिशात वागवायचं टूल निवडताना आधी वजन बघा, आत काय काय आहे ते नंतर. जड वस्तू खिसा ओढते, चालताना मांडीवर आपटते, आणि एक दिवस आपण "आजच्या दिवस राहू दे" म्हणून ती घरी ठेवतो. तो एक दिवस मग रोजचाच होतो.

मध्यंतरी महिनाभर मी वहीत टिपून ठेवलं होतं की टूल नक्की कशाला लागतं. सगळ्यात जास्त लागली कात्री: लोंबणारा दोरा, औषधाची पट्टी, नवीन कपड्याचं लेबल, तुटलेलं नख. त्याखालोखाल पातं, तेही बहुतेक खोक्यावरची चिकटपट्टी कापायला. पक्कड हवी होती असे प्रसंग महिन्यात दोन.

गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या चष्म्याची काडी निखळली. स्क्रू तिळाएवढा, बोटांत धरला की निसटायचा. चिमट्याने उचलून बिजागरीच्या भोकात उभा केला आणि कानशीच्या टोकाने हलकेच फिरवला. दोन मिनिटांत तो माणूस पुन्हा वाचायला लागला. 241 ग्रॅमचं टूल त्या दिवशी कपाटातच होतं.

पक्कडप्रेमी
तुमची वही प्रामाणिक असेल, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. किती वेळा लागलं हे मोजू नका, नसतं तर किती अडलं असतं ते मोजा. चिकटपट्टी किल्लीनेही फाडता येते. दोरा दाताने तुटतो. लेबल घरी जाऊन कापलं तरी आभाळ कोसळत नाही. पक्कडीचं काम मात्र दुसऱ्या कशानेच होत नाही, बोटांत तेवढी ताकदच नसते.

परवाचंच उदाहरण. मुलीच्या दप्तराची चेन वरून बंद होत होती आणि मागून उघडत होती. चेनचे दात शाबूत होते, सरकणारा रनर सैल पडला होता. रनरच्या मागच्या दोन्ही कडा पक्कडीत धरून हलकंसं दाबलं, आधी डावी, मग उजवी, जास्त दाबलं तर रनर फुटतो म्हणून जपून. चेन नीट लागली. कात्री आणि चिमटा घेऊन तुम्ही काय केलं असतं?

आणि या प्रकारच्या टूलचा जन्मच मुळी या अडचणीतून झाला आहे. लेदरमन टूलचा जनक टिम लेदरमन 1975 साली जुनी फियाट घेऊन युरोप फिरत होता. खिशात चाकू होता. गाडी आणि हॉटेलातले नळ दुरुस्त करताना तो अडला तो पक्कडीवाचून. 1983 साली त्याचं पहिलं टूल बाजारात आलं ते पक्कडीभोवतीच रचलेलं. माझ्या खिशात गर्बर कंपनीचं डाइम असतं, 62 ग्रॅमचं. पक्कड आहे, छोटी कात्रीही आहे. तुमच्या क्लासिकपेक्षा 41 ग्रॅम जास्त वागवायला मी आनंदाने तयार आहे.

बिटवाली
तुम्ही दोघं कात्री आणि पक्कडीवरून भांडताय, पण मला रोज अडतं ते स्क्रूशी. दुरुस्ती हे माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या स्क्रूड्रायव्हरची मूठ, दांडा आणि टोक एका रेषेत असतात. मल्टिटूलमध्ये टोक मुठीच्या एका कडेला असतं. फिरवताना हात गोल फिरतो, पण जोर तिरपा पडतो. फुलीच्या स्क्रूचं तोंड तर असं असतं की जोर थोडा जरी तिरपा पडला तरी टोक वर सरकून बाहेर येतं. दोन-तीनदा असं झालं की फुलीच्या कडा गोल होतात, आणि मग तो स्क्रू काढणं फार अवघड होतं. लोक असे स्क्रू घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण यंत्र चांगलं असतं, फक्त झाकण उघडत नाही.

लहान टूलने स्क्रू काढावाच लागला तर आधी टोक पूर्ण बसतंय का ते बघा. मग फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर लावा. स्क्रू अगदीच घट्ट असेल तर टूल अर्धं उघडून काटकोनात धरा, मुठीचा दांड्यासारखा उपयोग होतो. तरीही हलला नाही तर सोडून द्या.

आणि क्लासिकच्या पात्याला लॉक नाही, कानशीलाही नाही. टोकाने खुपसायला जाल तर ते उलटं मिटून बोटावर येतं.

साठीपार
एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे दुखतात. मुलाने मोठ्या हौसेने 58 मिलिमीटरचा चाकू आणून दिला. पात्याच्या खाचेत नख अडकवून ओढायचं असतं. आतली स्प्रिंग कडक, नख पातळ. पातं निम्मं वर यायचं आणि नख सटकलं की परत आत. कात्री तर उघडताच आली नाही. इतकी सुंदर वस्तू टेबलावर ठेवून नुसतं बघत बसायचो, मुलाला सांगायलाही जड गेलं.

आता लेदरमनचं स्केलेटूल वापरतो. 142 ग्रॅम आहे. पण पात्याला अंगठ्यापुरतं भोक आहे, ते बाहेरच्या बाहेर एका हाताने उघडतं आणि लॉकही होतं. धागाकर्त्यांच्या हिशोबात हे टूल जड ठरेल. माझ्या हिशोबात जे उघडता येत नाही त्याचं वजन शून्य असलं तरी ते ओझंच.

सतत प्रवासात
विमानाचं कुणी बोललेलं दिसत नाही. 2001 नंतर अमेरिकेत केबिनमध्ये पातं नेण्यावर जी बंदी आली ती छोट्या चाकूंनाही लागू आहे. 2013 साली तिथे 6 सेंटिमीटरपर्यंतची पाती नेऊ द्यायचं ठरलं होतं, विरोध झाला आणि तो निर्णय मागे घेतला. किल्ल्यांना अडकवलेलं टूल आपण विसरतो, आणि तपासणीच्या पट्ट्यापाशी ते टाकून द्यावं लागतं. माझं एक असंच गेलं, वडिलांनी दिलेलं. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री जुडग्यातून काढून चेक-इनच्या बॅगेत टाकतो. जमिनीवरचे कायदेही वेगवेगळे आहेत. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंतचं, लॉक न होणारं, मिटणारं पातं सहज बाळगता येतं. लॉकवाल्याला सबळ कारण द्यावं लागतं. म्हणजे वर ज्याला उणीव म्हटलंय, तीच तिथे सोय आहे.

धागाकर्ता
साठीपार, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझं "आधी वजन" हे धडधाकट बोटं गृहीत धरून होतं. आता कुणी विचारलं तर म्हणेन, दुकानात प्रत्येक पातं स्वतः उघडून बघा आणि मगच वजन विचारा. जुनं टूल कडक झालं असेल तर कोमट पाण्यात उघडमीट करून आतला खिशातला धुरळा काढा, वाळवा, बिजागरीला तेलाचा एक थेंब द्या. बराच फरक पडतो. पण तुमच्या दुखण्यावर तो उपाय नाही, हे मला कळतं.

पक्कडप्रेमी, चेनचं उदाहरण मान्य. तरी छोट्या पक्कडीबद्दल माझी शंका कायम आहे. पक्कडीची ताकद दांड्यांच्या लांबीतून येते. बोटभर दांड्यांनी गंजलेला नट सुटणार आहे का?

पक्कडप्रेमी
नाही सुटणार, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. नटासाठी पाना असतो. छोटी पक्कड धरण्यासाठी आणि ओढण्यासाठी असते: वाकलेली पिन, गरम झाकण, कुलपात तुटून राहिलेल्या किल्लीचं टोक. त्याला ताकद लागत नाही, पकड लागते. तुमच्या वहीतले ते दोन प्रसंग कोणते होते?

धागाकर्ता
आत्ता वही काढून बघितली. एकदा सायकलच्या टायरमध्ये घुसलेली तार. चिमट्याने धरली, पण ओढली की निसटायची, शेवटी सायकल ढकलत घरी आलो. दुसऱ्यांदा बेसिनच्या जाळीत अडकलेली कानातली रिंग. ती दिसत होती, पण हाती लागली नाही.

रिंग बायकोची होती. जुडग्यात तीन किल्ल्या अशा आहेत की त्यांची कुलपं आता माझ्याकडे नाहीत. त्या आज काढतो आणि वजनकाट्यावर ठेवून बघतो 41 ग्रॅम भरतात का.