मदत हवी आहे: आईसाठी व्हे प्रोटीन, कॉन्सन्ट्रेट की आयसोलेट?

नमस्कार मंडळी. आईचं वय ६८, वजन ५२ किलो, पक्की शाकाहारी. अंडं तर घरात येऊच देत नाही. हल्ली खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिनं तरी हवीत. हिचं जेवण म्हणजे दीड पोळी नि वाटीभर पातळ वरण!

फिजिओथेरपिस्टने व्यायामासोबत व्हे (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर) सुचवलंय. त्यातलं ल्युसिन (प्रथिनांमधला एक घटक, अमिनो आम्ल) स्नायूंना उपयोगी पडतं, हे पटलं. (नुसती पावडर पिऊन काही होणार नाही, हेही बजावलंय.) पण दूध प्यायलं की आईचं पोट फुगतं, ताक मात्र चालतं. आयसोलेट म्हणजे जास्त गाळलेलं व्हे, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) कॉन्सन्ट्रेटपेक्षा कमी, पण किंमत ऐकून तिने नाक मुरडलं: "एवढ्यात महिन्याचं तूप येईल."

क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्तचाचणी) तपासलंय, नॉर्मल आहे. घरातल्या ज्येष्ठांना कोणी देतंय का? कॉन्सन्ट्रेट बाधलं का? नमुन्याची पुडी गरम नाचणीच्या पेजेत घातली तर गुठळ्याच झाल्या, वर व्हॅनिलाचा वास. बिनचवीचं ताकात घुसळून चालेल का? आणि "हे जिमवाल्या पोरांचं खाणं" यावर काही उत्तर असेल तर तेही सांगा.