डाव्या सन व्हायझरवरचा एअरबॅगचा स्टिकर कसा काढायचा?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. सेकंडहँड गाडी घेतलीय, २०२२ चं मॉडेल, पुढं दोन एअरबॅग. डाव्या व्हायझरवर मोठा स्टिकर आहे. लाल गोलात बाळाची सीट आणि त्यावर काट. ऊन आलं म्हणून व्हायझर खाली ओढला की तोच डोळ्यासमोर. आईला त्या जागी अंबाबाईचा फोटो लावायचाय. कोपरा नखानं उचलून बघितला, तर कापडाचे धागेच वर यायला लागले, मग थांबलो. नीट काढायची काही पद्धत? नाहीतर वरून रेक्झिनचं कव्हर शिवून घ्यावं म्हणतोय.

कागलकर:
हेअर ड्रायरनं गरम करायचा आणि गोंद मऊ झाला की एका कोपऱ्यातनं हळूहळू ओढायचा. थिनर, पेट्रोल अजिबात नको, डाग पडतो आणि रेक्झिन असलं तर खराब होतं. काही गाड्यांत तो चिकटवलेला नसून छापलेलाच असतो. कडेला नख अडकत नसेल तर नाद सोडा.

उद्यमनगरचा कुशनवाला:
भावा, सीट कव्हर आणि छताचं कापड हेच माझं रोजचं काम. उजव्या व्हायझरला कव्हर शिवून देतो, पण डाव्या बाजूचा तो स्टिकर मी झाकून देत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

कारण सांगतो. मोठा माणूस पुढं फेकला जातो तोवर बॅग फुगून तयार असते, म्हणून तो वाचतो. तान्ह्या बाळाची सीट मागं तोंड करून बसवतात, म्हणजे तिची पाठ डॅशबोर्डपासून जेमतेम वीतभर. पापणी लवायच्या आत बॅग फुगते आणि तिचा सगळा जोर त्या पाठीवर, बरोबर बाळाच्या डोक्यामागं बसतो. एरवी साध्या धडकेतून सुखरूप सुटलं असतं ते बाळ बॅगेनंच जातं. आणि आपल्याकडं सीटपेक्षा मांडीवरचं बाळ जास्त. पुढं मांडीवर घेतलेलं बाळ तर बॅग आणि आईच्या मधेच सापडतं. चित्रात मांडी नाही, पण धोका तोच.

घरात लहान कोणी नाही म्हणाल. पण बहीण बाळंतपणाला माहेरी येते, शेजारचे दवाखान्याला गाडी मागतात, उद्या गाडी विकलीत तर घेणाऱ्याच्या घरात बाळ असतं. त्यांनी गाडीचं पुस्तक उघडलेलं नसतं. त्यांच्यासमोर असतो तो हा स्टिकरच.

फोटोचं म्हणाल तर डावीकडं डॅशबोर्डवर जिथं एअरबॅग असं कोरलंय तिथंही लावू नका. ते झाकणच उघडतं आणि वरची वस्तू थेट तोंडावर येते. देवीचा फोटो मधोमध, एसीच्या जाळीखाली, पातळ आणि पक्का चिकटवलेला असू द्या.

पन्हाळ्याची सून:
माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. दादा म्हणतात ते अगदी खरं. आम्ही तिची सीट मागंच बसवतो, मी शेजारी बसते. सासूबाईंना आधी वाटायचं, पुढं ठेवली तर लेकराकडं लक्ष राहील. व्हायझर खाली करून ते चित्र दाखवलं, तेव्हा पटलं. काही गाड्यांत डावं दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला किल्लीनं फिरवायचा स्विच असतो, त्यानं डावी एअरबॅग बंद करता येते. पण नंतर मोठं माणूस बसताना आठवणीनं चालू करावी लागते, म्हणून मागची सीटच बरी. आणि चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बाळसीटशिवाय नेलं तर कलम १९४-ब खाली १००० रुपये दंड आहे, तोही लक्षात असू द्या.

राजारामपुरीकर:
हे एवढं डोक्यातच आलं नव्हतं. धाकटी बहीण दिवाळीनंतर बाळंतपणाला येणार आहे. स्टिकर राहू दे, आईलाही सांगतो. पण सुटलेला कोपरा परत बसेल का? आणि उजव्या व्हायझरचं कव्हर शिवाल का?

उद्यमनगरचा कुशनवाला:
बसेल. काडीच्या टोकानं कापडाचा गोंद आत सरकवायचा, वर कागद ठेवून चिमटा लावायचा आणि रात्रभर तसंच सोडायचं. जास्त गोंद घेऊ नका, कडेनं बाहेर येऊन काळा पडतो. उजव्याचं कव्हर शिवतो, पण खिसे लावून मागू नका. लोक त्यात पेनं, चिल्लर, चष्मा कोंबतात आणि गाडी आपटली की ते सगळं चालवणाऱ्याच्या तोंडावर येतं. साधं, सपाट शिवू. गाडी घेऊन या, व्हायझरचं माप जागेवरच घ्यावं लागतं.