मदत हवी आहे: एंटरप्राइज-डीच्या ब्रिजचा लाकडी कठडा

नमस्कार मंडळी. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' (१९८७-९४) या टीव्ही मालिकेतल्या एंटरप्राइज-डी या अंतराळयानाचा ब्रिज (नियंत्रण कक्ष) ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभा करणं सुरू आहे. अडलंय घोड्याच्या नालेसारख्या त्या लाकडी कठड्यापाशी, आणि सगळ्या सेटचा जीव तर त्यातच आहे!

बेझियर कर्व्हला (वळणदार मार्गरेषेला) प्रोफाइल, म्हणजे कठड्याच्या छेदाचा आकार, दिलं की चढावर ते पीळ खात होतं. ट्विस्ट (पिळाची सेटिंग) 'मिनिमम'वरून 'झेड-अप' केल्यावर थांबलं. रेझोल्यूशन (वळणाचे तुकडे) १२ चं ३२ केलंय, स्केल अप्लाय (मापं पक्की) आहे. मात्र त्याचं मेश (पृष्ठांची जाळी) करून टेक्श्चरसाठी 'फॉलो ॲक्टिव्ह क्वाड्स' या पद्धतीने अनरॅप केलं, म्हणजे सपाट उलगडलं, की लाकडाच्या रेषा आतल्या वळणावर दाटतात, बाहेर ताणल्या जातात. आतला कंस आखूड, बाहेरचा लांब, म्हणून.

वरचा पृष्ठभाग नि कडा वेगळ्या सीमने (उलगडण्यासाठीच्या कापरेषेने) कापाव्यात का? की प्रोसिजरल (चित्राऐवजी गणिताने तयार होणारं) लाकूडच बरं? नागपुरात, सीताबर्डी-धरमपेठकडे कुणी रविवारी फाइल बघून देईल का?