मदत हवी आहे: सोलापुरात व्हॉल्व्हचा गिटार अँप कोण दुरुस्त करतं?

मंडळी, मामांच्या ऑर्केस्ट्रातला जुना व्हॉल्व्ह अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) माझ्याकडे आलाय. आउटपुटला दोन ईएल३४ व्हॉल्व्ह, सुरुवातीच्या टप्प्यात १२एएक्स७. स्टँडबाय (आवाज थांबवून ठेवणारा स्विच) काढला की जाड गुणगुण सुरू होते; गिटारची वायर काढा, व्हॉल्यूम शून्यावर न्या, तीच. म्हणून फिल्टर कपॅसिटरवर (वीजपुरवठ्यातली गुणगुण गाळणारे) संशय आहे.

खरी भीती दुसरीच. थोड्या वेळाने एका ईएल३४ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लालभडक होते, मग लगेच बंद करतो. दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली, तरी लाली त्याच सॉकेटवर! म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष असावा. त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्यातून सिग्नल पुढे देणारा) गळतोय की बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारं ऋण व्होल्टेज) पोचतच नाही? आधी काय तपासावं?

‘स्वतः उघडून बघ’ एवढं सांगू नका. बंद केल्यावरही आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब साठून राहू शकतो, आणि मला बायको-पोरं आहेत. नव्या पेठेत विचारलं तर ‘ट्रान्झिस्टरचा घ्या की ओ’ म्हणाले.

व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारे कुणी जुने कारागीर अजून काम करतात का? नाहीतर हुतात्मा एक्सप्रेसने हे धूड पुण्याला न्यावं लागेल. तिथला खात्रीचा माणूस माहीत असेल तरी कळवा. खर्चाचा अंदाजही सांगा.