तळ्यातली प्लवकं जुलैत एकदम कमी: खरंच की मोजणीत चूक?

कातळसडा: मालवण तालुक्यातल्या गावतळ्यातून दर महिन्याला प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, नमुने घेतो. वेळ मिळेल तशी, कधी सकाळी, कधी दुपारी. २० मायक्रॉनच्या जाळीतून ५० लिटर पाणी ओतून ५० मिलि करतो, लुगॉल (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घालतो, सेजविक-राफ्टर पेशीत (मोजणीसाठीच्या १ मिलिच्या काचेच्या खाचेत) मोजतो. मेमध्ये काठावर मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाची हिरवी साय होती, पण मोजणीत जेमतेम. जुलैत तर सगळंच घसरलं. कुठे चुकतंय?

शेवाळवाला: जुलैची घट खरी असणार. सांडवा वाहू लागला की प्लवकंही त्याबरोबर जातात, उरलेल्यांना गढूळ पाण्यात उजेड मिळत नाही. मेची मात्र चूक आहे. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, लुगॉल घातलं तरी वसाहती (पेशींचे पुंजके) वरच तरंगतात आणि पिपेट तळातून भरते. ताजा नमुना सिरिंजमध्ये घ्या, टोक अंगठ्याने दाबून दट्ट्या जोरात चार-पाचदा रेटा. पोकळ्या फुटल्या की वसाहती बुडतात. लुगॉल त्यानंतर, १०० मिलिला साधारण अर्धा मिलि, कोऱ्या चहासारखा रंग येईपर्यंत. बाटली अंधारात ठेवा, रंग उतरला की पुन्हा थेंब घाला.

आणि साय एकाच काठाला का? दुपारचे खारे वारे ती पूर्वेकडे ढकलतात. एकाच जागेचा नमुना म्हणजे निव्वळ नशीब. निदान तीन जागा घ्या.

जांभा_पाणी: जाळीचंही बघा. सायक्लोटेलासारखे छोटे डायटम (सिलिकाच्या कवचाची एकपेशीय शेवाळं) २० मायक्रॉनमधून निसटतात. वनस्पतिप्लवकांसाठी न गाळलेलं १ लिटर पाणी लुगॉल घालून ४८ तास उभ्या नळकांड्यात ठेवा, वरचं ९०० मिलि बारीक नळीने सावकाश काढा. घाई केली की तळ ढवळतो. जाळी प्राणिप्लवकांपुरती ठेवा, ६० मायक्रॉनची चालेल. डॅफ्निया (पाणपिसवा) ऊन चढल्यावर खाली जातात, म्हणून दर वेळी एकच वेळ पाळा, नाहीतर ऋतूचा फरक आणि घड्याळाचा फरक एकात एक मिसळतो. डॅफ्निया टिकवायच्या ४ टक्के फॉर्मेलिनमध्ये लिटरला ४० ग्रॅम साखर घाला, अंडी बाहेर सांडत नाहीत.

पाऊस ओसरल्यावर डेस्मिड (एक प्रकारची सूक्ष्म हिरवी शेवाळं) नीट बघा. जांभ्यावरचं पाणी मऊ असतं, त्यांना ते मानवतं.

कातळसडा: आभारी. ४० पटींच्या भिंगाखाली मोजणीच्या पेशीतलं काही स्पष्ट दिसत नाही, तेही विचारायचं होतं.

शेवाळवाला: दिसणारच नाही. मोजणीची पेशी १ मिमी खोल आहे, भिंग काचेला टेकतं. १०चं वापरा. तुमच्या जाळीच्या नमुन्यात ५० लिटरचं ५० मिलि झालंय, म्हणजे पेशीतल्या १ मिलिमध्ये मोजलेला आकडा हाच लिटरमागचा आकडा. पुन्हा हजाराने गुणू नका.