रात्रीची बाल्कनी आणि दर्यावरचे दिवे: अनुभव धागा

पावसाळा सरला की मुंबई-गोवा क्रूझची बुकिंगं सुरू होतात. वेळास-आंजर्ल्याच्या घरगुती मुक्कामांचीही चौकशी हळूहळू वाढते. दोन्हीकडे लोक पैसे मोजतात ते समुद्राकडे तोंड करून बसायला, आणि बसल्या बसल्या पहिलं काम काय, तर डोक्यावरचा दिवा लावणं. त्या दिव्याने पलीकडे कुणाचं काय बिघडतं आणि काय केलं म्हणजे बिघडत नाही, एवढंच इथे लिहा. जहाजावर काम करणारे, किनाऱ्यावर खोल्या देणारे, मासेमारीवाले, वायरिंगवाले, सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. "आम्ही गेलो होतो तेव्हा अशी गंमत झाली" हे दुसरीकडे. इथे स्विच, पडदा, वॉट आणि वेळ.

ब्रिजवरचा

सुरुवात जहाजाच्या बाजूने करतो. सूर्यास्त ते सूर्योदय जहाजावर कुठले दिवे दिसायला हवेत हे समुद्रावरची टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ठरलेलं आहे. मास्टवर पांढरा, 225 अंशांतून दिसणारा. डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा, प्रत्येकी 112.5 अंश. मागे पांढरा, 135 अंश. 50 मीटर आणि त्याहून लांब जहाजाचा मास्टचा दिवा 6 सागरी मैलांवरून आणि बाजूचे किमान 3 मैलांवरून दिसले पाहिजेत. त्याच नियमावलीतला विसावा नियम म्हणतो की या दिव्यांशी गल्लत होईल, ते झाकोळतील किंवा पहाऱ्याला अडथळा येईल असा दुसरा दिवा लावायचा नाही.

आता समोरच्या छोट्या होडीतून बघा. तिला लाल दिसला तर जहाजाची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी. जहाज कुठे चाललंय हे तिला एवढ्यावरूनच कळतं. त्या एका लाल ठिपक्याशेजारी पांढऱ्याफेक बाल्कन्यांची अख्खी चाळ पेटलेली असेल, तर ठिपका हरवतो. म्हणून पुढच्या टोकाकडच्या केबिनमध्ये "रात्री पडदे ओढून ठेवा" अशी सूचना असते. ती सजावटीतली पाटी समजू नका. ब्रिज म्हणजे जहाज चालवायची खोली, तिच्या विंग जहाजाच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेल्या असतात. तिथे उभ्या माणसाच्या डोळ्यांत बाजूच्या बाल्कन्यांचा उजेड थेट शिरतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि ते बिघडायला एक पांढरा बल्ब पुरतो.

दोन गोष्टी अजिबात नकोत. रेलिंगला लाल-हिरव्या दिव्यांच्या माळा लावू नका, मग दिवाळी असो की कुणाचा वाढदिवस. आणि टॉर्चची उघडझाप करून दुसऱ्या बोटीला 'हाय' करू नका. पाच किंवा जास्त छोटे झटपट चमकारे म्हणजे समुद्राच्या भाषेत "तुझा इरादा कळत नाही" असा इशारा असतो.

डेक आठ

केबिनच्या आतलं सांगते. बाल्कनीच्या दिव्याचं बटण बहुधा सरकत्या दाराच्या चौकटीजवळ नाहीतर पलंगाच्या उशाशी असतं. काही जहाजांवर ते केबिनमध्ये नसतंच, दिवा डेकच्या लाइनवर असतो. बटण सापडलं नाही तर रिसेप्शनला फोन करून विचारायचं. दिव्यावर टॉवेल गुंडाळायचा नाही. दिवा तापतो, टॉवेल वाऱ्याने सुटून खालच्या डेकवर जातो, आणि जहाजावर आगीइतकी दुसऱ्या कशाची धास्ती नसते.

खरी गळती बाल्कनीच्या दिव्यातून कमी आणि खोलीतून जास्त होते. क्रम असा ठेवा: आधी बाथरूमचा दिवा बंद करा, कारण ते दार अर्धवट उघडं राहतं आणि आतला आरसा उजेड थेट काचेवर फेकतो. मग टीव्ही. मग जाड पडदा पूर्ण ओढा, त्याच्या मागे शिरा, आणि तेव्हाच दार सरकवा. पडदा आत राहतो, तुम्ही बाहेर. आत कुणी पुस्तक वाचत असेल तरी बाहेर काळोख राहतो. पडदा दारात अडकून बाहेर फडफडायला लागला तर समजायचं की केबिनचं मुख्य दार नीट लागलेलं नाही आणि वारा आरपार जातोय.

केबिनची वीज चालू ठेवणाऱ्या कार्डाच्या खाचेत जुनं व्हिजिटिंग कार्ड अडकवून जेवायला जाणारे खूप. एसी चालू राहावा म्हणून करतात, पण त्याबरोबर दिवेही दोन-तीन तास समुद्राला उजेड दाखवत बसतात. कार्ड ठेवायचंच असेल तर निदान पडदा ओढून जा.

सरकत्या दाराला उंबरठा असतो, चांगला उंच. अंधार करा म्हणताना हे सांगायलाच हवं. सोबत वयस्क माणसं असतील तर अंधार करण्याआधी त्यांना खुर्चीत बसवा. उठायची वेळ झाली की छोटी टॉर्च खाली जमिनीकडे धरा.

गॅलरीवाला

शेजाऱ्याचं काय? मधल्या पार्टिशनला खाली-वर फट असते. त्यांचा दिवा आपल्या पायांवर आणि आपला त्यांच्या.

डेक आठ

पार्टिशनवर टकटक करू नका, पलीकडचा माणूस दचकतो. उजेडात बसलेला दिसला तर साधं म्हणायचं, "काका, तारे बघतोय, दिवा जरा घालवता का?" बहुतेकांना तो दिवा नकोच असतो, बटण सापडत नसतं. कुठे असतं ते सांगितलं की काम झालं.

पडवी

आमच्या किनाऱ्यावर प्रश्न कासवांचा. ऑलिव्ह रिडले मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत येते आणि एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. पिल्लं 45 ते 60 दिवसांत बाहेर येतात. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावाला बरोबर घेऊन संरक्षण उभं केलं. तिथे अंडी कुंपणात हलवतात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात. पण सगळीच घरटी वेळेत सापडतात असं नाही. सुटलेल्या घरट्यातली पिल्लं रात्री निघतात आणि सगळ्यांत उजळ क्षितिजाकडे चालू लागतात. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. पडवीत 9 वॉटचा पांढरा बल्ब असेल तर ते तुमच्या पडवीचं होतं. मादीही वर चढताना उजेड दिसला की अंडी न घालता माघारी फिरते.

दिवा बसवल्यावर तपासणी अशी करायची. अमावास्येच्या आसपास ओल्या वाळूपर्यंत चालत जा, पालथं पडा, हनुवटी वाळूला टेकवा आणि घराकडे बघा. कासवाचे डोळे त्याच उंचीवर असतात. बल्ब दिसला तर झाकण कमी पडतंय. बल्ब दिसत नाही पण भिंत उजळलेली दिसते, तर चुन्याची पांढरी भिंत आरशाचं काम करतेय. दिवा भिंतीवरून काढून पायरीशी, गुडघ्याच्या खाली आणा. मधे सुरूचं बन असेल तर निम्मं काम तेच करतं. समुद्र दिसावा म्हणून खालच्या फांद्या छाटणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, थांबा.

रंगाचं म्हणाल तर 'वॉर्म व्हाइट' पुरेसा नाही. 2700 केल्विनच्या बल्बमध्येही थोडा निळा असतोच. 560 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा, म्हणजे मुळातच अंबर किंवा लाल एलईडी घ्या. पांढऱ्या बल्बला आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद गुंडाळणं हा चार दिवसांचा उपाय. उन्हाने विटतो, खाऱ्या वाऱ्याने फाटतो.

ब्रिजवरचा

पडवीताईंचा लाल दिवा किनाऱ्यावर ठीक. तोच उचलून जहाजाच्या रेलिंगला लावू नका. वर लाल आणि खाली पांढरा म्हणजे मासेमारी करणारी बोट, असा अर्थ होतो. केबिनमध्ये लहान मूल अंधाराला घाबरत असेल तर अर्ध्या वॉटचा झिरो बल्ब आतच, पलंगाच्या पायाशी.

फेज न्यूट्रल

किनाऱ्यावर सेन्सरचा दिवा लावताना होणारी चूक म्हणजे सेन्सरचं तोंड समुद्राकडे. तो हलती उष्णता ओळखतो. कुत्रा, मांजर, उन्हाने तापलेली झावळी वाऱ्यावर हलली, पेटला. तोंड पायऱ्यांकडे करा, वेळेची घुंडी 30 सेकंदांवर, उजेडाची घुंडी चंद्राचं चित्र असलेल्या टोकाला. पिन होल्डरच्या पितळी पिना खाऱ्या हवेत हिरव्या पडतात आणि दिवा लुकलुकतो. लुकलुकणारा दिवा चालू दिव्याहून जास्त खटकतो. बंद खोक्याचा, आयपी 65 चा, म्हणजे धूळ-पाणी आत न येऊ देणारा फिटिंग घ्या, आणि केबल त्यात खालून घाला. वरून घातली तर पहिल्याच पावसात पाणी तिच्या कडेने आत येतं.

तांडेल

सगळेच दिवे घालवा म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. रात्री खाडीच्या तोंडातून आत येताना आम्ही खुणा जुळवतो: दीपगृह, देवळाचा दिवा, जेटीचा दिवा. हे दिवे राहू देत. नवीन रिसॉर्टचे फ्लडलाइट समुद्राकडे तोंड करून लावले की या खुणा त्यात बुडतात आणि खडक कुठे ते डोळ्याला कळत नाही. फ्लडलाइट हवाच असेल तर तो समुद्राकडून जमिनीकडे मारा.

छोट्या होडीला रात्री एकच पांढरा दिवा असतो, तोही पाण्यालगत. क्रूझच्या उजेडात तो कुणालाच दिसत नाही. उजेड मासळीला ओढून घेतो हे तर सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, ती याचसाठी.

ध्रुवमत्स्य

दिवा घालवल्यावर बघायचं काय, तेही सांगतो. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डावीकडे, परतताना उजवीकडे. बुकिंग करताना हे लक्षात ठेवा. दीपगृहाचे चमकारे मोजा. प्रत्येकाचा ठेका वेगळा असतो, दोन चमकाऱ्यांमधले सेकंद मोजले की नकाशावर गाव सापडतं. किनाऱ्याच्या उलट बाजूच्या बाल्कनीत आकाश जास्त काळं मिळतं. जहाजाच्या कडेने फुटणाऱ्या पाण्यात कधी निळसर चमक दिसते, ती नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाची. पाणी ढवळलं की उजळते, आणि बाल्कनीत दिवा असेल तर दिसतच नाही. फोनची स्क्रीन लाल करा आणि उजेड अगदी कमी ठेवा. फोटो काचेतून काढू नका, आतलं प्रतिबिंब येतं. फ्लॅश तर बंदच.

गॅलरीवाला

डासांसाठी दिवा लावावा लागतो, त्याचं काय?

पडवी

खोल समुद्रात डास नसतात. किनाऱ्यावर दिव्याने डास जात नाहीत, पाखरं मात्र येतात आणि पाखरांमागे पाली. पंखा लावा, वाऱ्यात डास टिकत नाही.

आणखी एक, आमच्या भागापुरतं. संध्याकाळी लाईट जाते, सगळे बटणं तशीच ठेवून झोपतात, आणि रात्री दोनला लाईट आली की अख्खी समुद्राकडची रांग एकदम पेटते. जनरेटरचंही तेच. पाहुण्यांना झोपायला जाताना सांगायचं: अंधार असला तरी पडवीची बटणं हाताने चाचपा आणि वर करून ठेवा.