वाळूपिसू पायात रुतली तर सुईने काढावी का?

प्रश्न: युगांडातल्या खेड्यांत वाळूपिसू (कातडीत शिरून राहणारी पिसू) लागून मुलांच्या नखांच्या कडेला पांढरे फोड दिसतात, मधोमध काळा ठिपका. घरोघरी एकाच सुईने उकरतात. दुसरा उपाय?

उत्तर १: सुई आधी थांबवा! पिसू आतच फुटली तर जखम चिघळते, शिवाय धनुर्वाताची भीती. पाय साबणाने धुऊन कोरडे करा. पातळ डायमेथिकोन (सिलिकॉन तेल) नेमकं ठिपक्यावर सोडा. तो ठिपका म्हणजे पिसवेचं मागचं टोक. श्वास तिथूनच, अंडीही तिथूनच. तेल आत शिरलं की ती गुदमरते. फोड मग सुकून गळतो, उकरू नका.

उत्तर २: धनुर्वाताची लसही बघा. आणि मातीची जमीन तशीच राहिली तर पुन्हा लागण होणारच; अळ्या तिथेच वाढतात. डुकरं, कुत्री तपासा, त्यांच्याही पायांत पिसवा असतात.